स्तनवर्धन शस्त्रक्रियेआधी इम्प्लांटचे माप कसे ठरवावे

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे मनाशी ठरवून जी स्त्री प्लास्टिक सर्जनच्या ओपीडीत पहिल्यांदा जाते, तिच्याजवळ बहुधा एक आकडा तयार असतो. एखाद्या मैत्रिणीने ३२५ सीसीचे इम्प्लांट (स्तनाचा आकार वाढवायला आत ठेवायची भरलेली सिलिकॉनची पिशवी) बसवलेले असते, कुठेतरी छायाचित्राखाली ३५० सीसी असे लिहिलेले वाचलेले असते, किंवा ‘३४ बी’चे ‘३४ डी’ व्हायचे आहे एवढे पक्के झालेले असते. हा आकडा बाजूला ठेवूनच मापाला सुरुवात करावी लागते. इम्प्लांटचे माप छातीची रुंदी, त्वचेची ताणली जाण्याची क्षमता आणि मुळात असलेल्या स्तनाची जाडी यांतून निघते. आवडीनिवडीला त्यात वाव असतो, पण तो या तीन गोष्टींनी आखून दिलेल्या हद्दीत. ही हद्द कशी काढतात, घरी काय पाहता येते, सर्जनकडून काय मोजून घ्यावे आणि शेवटचा आकडा ठरताना काय लिहून घ्यावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे. हे वाचून कुणी स्वतःचे माप परस्पर ठरवू नये. सर्जन काय सांगतो आहे ते नीट कळावे आणि योग्य जागी त्याला थांबवून प्रश्न विचारता यावा, हा यामागचा हेतू आहे.

आधी भाषा समजून घ्या: सीसी, कप आणि प्रोफाइल

इम्प्लांट सीसीमध्ये, म्हणजे घनफळात मोजतात. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. सिलिकॉन जेलचे वजन पाण्याच्या जवळपास असल्यामुळे ३०० सीसीचे एक इम्प्लांट सुमारे ३०० ग्रॅम भरते आणि दोन्ही बाजूंचे मिळून अर्ध्या किलोहून थोडे अधिक वजन छातीवर कायमचे येते. हे वजन आधीच डोळ्यांसमोर असलेले बरे.

ब्राचा कप हे मात्र ठरलेले माप नाही. एका कंपनीचा ‘सी’ दुसऱ्या कंपनीत ‘बी’ होतो. शिवाय ‘३२ सी’ आणि ‘३४ बी’ या दोन ब्रांच्या कपांत मावणारे घनफळ जवळजवळ सारखेच असते, कारण कपाचा आकार पट्ट्याच्या मापाबरोबर बदलतो. एक कप वाढायला १५० ते २०० सीसी लागतात असे ढोबळ गणित सांगितले जाते, पण अरुंद छातीच्या स्त्रीला त्याहून कमी आणि रुंद छातीच्या स्त्रीला त्याहून अधिक लागू शकते. म्हणून ‘मला सी कप हवा’ या वाक्यातून सर्जनला तुमची इच्छा कळते, माप कळत नाही. कोणताही जबाबदार सर्जन ठरावीक कपाची हमी देत नाही, आणि कुणी ती देत असेल तर सावध व्हावे.

तिसरा शब्द प्रोफाइल. गोल इम्प्लांट ही एक घुमटी आहे अशी कल्पना करा. तिच्या तळाची रुंदी आणि तिची उंची या दोन मापांतून घनफळ ठरते. तळ तेवढाच ठेवून उंची वाढवली की प्रोफाइल वाढले. सीसी तेवढेच ठेवून तळ अरुंद केला तरीही प्रोफाइल वाढले. त्यामुळे ३०० सीसीची दोन इम्प्लांट्स हातात घेतली तर एक पसरट आणि दुसरे पुढे आलेले असू शकते आणि एकाच स्त्रीच्या छातीवर ती दोन अगदी वेगळी दिसतील. मैत्रिणीचा ३२५ हा आकडा आपल्या उपयोगाचा का नाही, त्याचे उत्तर इथेच मिळते. तिची छाती किती रुंद होती, प्रोफाइल कोणते होते आणि तिचा मूळ स्तन केवढा होता, हे त्या आकड्यात कुठेच नसते.

मोजमाप: सगळा पाया इथे आहे

सीसीवरून सुरुवात न करता ऊतींच्या मोजमापावरून सुरुवात करण्याची शिस्त अमेरिकेतील डॅलसचे प्लास्टिक सर्जन जॉन टेबेट्स यांनी व्यवस्थित मांडली. २००२ मध्ये त्यांनी ऊतींच्या गुणधर्मांवरून इम्प्लांट निवडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि २००५ मध्ये विल्यम अ‍ॅडम्स यांच्यासह पाच मोजमापांतून पाच निर्णय घेण्याची एक सुटसुटीत रीत दिली. आज वेगवेगळे सर्जन वेगवेगळी सूत्रे वापरतात, पण मोजायच्या गोष्टी जवळपास त्याच आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे स्तनाच्या तळाची रुंदी. छातीच्या मधल्या हाडाजवळ स्तन जिथे सुरू होतो तिथपासून काखेच्या बाजूला तो जिथे संपलेला दिसतो तिथपर्यंतचे हे सरळ अंतर असते. शिवणकामाची टेप स्तनाच्या उंचवट्यावरून फिरवली तर आकडा मोठा येतो आणि तो निरुपयोगी असतो. म्हणून सर्जन कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधले सरळ अंतर मोजायचे साधन, वापरतात. घरी अंदाज घ्यायचा असेल तर आरशासमोर ताठ उभे राहून दोन्ही कडांना पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या उभ्या धराव्यात आणि दुसऱ्या कुणाकडून त्यांच्यामधले अंतर फूटपट्टीने मोजून घ्यावे. इम्प्लांटचा तळ या रुंदीपेक्षा मोठा असता कामा नये. तो मोठा झाला तर आतल्या बाजूला दोन्ही स्तन एकमेकांकडे ढकलले जातात आणि बाहेरच्या बाजूला कड काखेत घुसून हात खाली सोडला की टोचत राहते.

दुसरे माप चिमटीचे. स्तनाच्या वरच्या, आतल्या आणि बाहेरच्या बाजूची त्वचा व चरबी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने मोजतात. चिमटीत दोन थर येत असल्यामुळे त्या आकड्याचा निम्मा भाग म्हणजे खरी जाडी. वरच्या बाजूची चिमटी २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांट झाकायला तिथे पुरेशी ऊती नाही असे समजतात आणि ते निदान वरच्या भागात तरी छातीच्या स्नायूखाली ठेवण्याचा सल्ला देतात. सडपातळ बांध्याच्या स्त्रियांच्या बाबतीत बहुतेक वेळा हाच आकडा निर्णायक ठरतो.

तिसरे माप त्वचेच्या ताणाचे. स्तनमंडलाची, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाची, कड धरून त्वचा हलकेच पुढे ओढली असता ती किती सेंटीमीटर पुढे येते, ते पाहतात. जिला मूल झालेले नाही आणि जिची त्वचा घट्ट आहे तिची त्वचा कमी ताणते, आणि बाळंतपण व स्तनपानानंतर सैल झालेली त्वचा अधिक ताणते. चौथे माप स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर, तेही त्वचा ताणून धरून मोजलेले. इम्प्लांटचे घनफळ वाढले की खालच्या भागाला लागणारी त्वचाही वाढते. टेबेट्स यांच्या कोष्टकात २५० सीसीसाठी हे अंतर सुमारे ७ सेंटीमीटर आणि ३०० सीसीसाठी सुमारे ८ सेंटीमीटर धरले आहे. प्रत्यक्ष अंतर कमी असेल तर घडी थोडी खाली न्यावी लागते किंवा लहान इम्प्लांट घ्यावे लागते. पाचवी गोष्ट अंदाजाची असते: शस्त्रक्रियेनंतर त्वचेच्या पिशवीत जे काही असेल त्यातला किती भाग मूळ स्तनाचा असेल.

हे सारे एका उदाहरणात बसवून पाहू. समजा एका स्त्रीच्या स्तनाच्या तळाची रुंदी १२ सेंटीमीटर आहे, आतल्या बाजूची चिमटी १ सेंटीमीटर आणि बाहेरच्या बाजूची १.४ सेंटीमीटर आहे. दोन्ही चिमट्यांचा निम्मा निम्मा भाग, म्हणजे ०.५ आणि ०.७ सेंटीमीटर, रुंदीतून वजा केला की १०.८ सेंटीमीटर उरतात. इम्प्लांटच्या तळाची ही कमाल रुंदी झाली. आता कंपनीच्या कोष्टकात १०.८ सेंटीमीटरच्या आसपासची इम्प्लांट्स शोधली तर मध्यम प्रोफाइलमध्ये साधारण २२० सीसी आणि उंच प्रोफाइलमध्ये साधारण २७५ सीसी अशी मापे सापडतील. कंपनीगणिक थोडा फरक पडेल. टेबेट्स यांच्या रीतीने पाहिले तर १२ सेंटीमीटर रुंदीला सुरुवातीचा आकडा ३०० सीसी येतो, पण या स्त्रीची त्वचा २ सेंटीमीटरहून कमी ताणत असेल तर त्यातून ३० सीसी वजा होऊन २७० उरतात. ती ३ सेंटीमीटरहून अधिक ताणत असती तर उलट ३० सीसी वाढले असते. दोन वेगळ्या वाटांनी गेले तरी आपण जवळपास एकाच ठिकाणी येतो. या स्त्रीची हद्द २२० ते २७५ अशी आहे, आणि ती ४०० सीसीचा आग्रह धरत असेल तर तिला नेमके काय पत्करावे लागेल ते सर्जनने तिला स्पष्ट सांगायला हवे. माझे ठाम मत असे आहे की, ज्या सल्लामसलतीत टेप आणि कॅलिपर बाहेर निघालेच नाहीत आणि तरीही सीसीचा आकडा सांगितला गेला, ती सल्लामसलत झालीच नाही असे समजून दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे.

इम्प्लांटने जे होत नाही

बाळंतपणानंतर किंवा वजन बरेच कमी झाल्यावर स्तन ओघळले असतील तर अनेक जणींना वाटते की, थोडे मोठे इम्प्लांट घातले की ते आपोआप वर येतील. थोडी सैल त्वचा भरून निघते हे खरे, पण स्तनाग्र घडीच्या पातळीच्या खाली गेले असेल तर मोठे इम्प्लांट ते वर उचलत नाही, उलट वजनाने आणखी खाली नेते. अशा वेळी स्तन वर उचलण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते, तिचे व्रण वेगळे असतात, आणि ती इम्प्लांटबरोबर करायची की काही महिन्यांच्या अंतराने, हा स्वतंत्र निर्णय आहे. व्रण नको म्हणून माप वाढवणे ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी तडजोड आहे.

दोन्ही स्तन अगदी सारखे असलेली स्त्री क्वचितच असते. एक बाजू थोडी मोठी असते, एक स्तनाग्र किंचित खाली असते, बरगड्यांचा उठाव दोन्हीकडे वेगळा असतो किंवा पाठीच्या कण्याला थोडा बाक असतो. शस्त्रक्रियेआधी हे फारसे लक्षात येत नाही, पण आकार वाढला की फरकही मोठा दिसू लागतो. म्हणून सर्जनकडून दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी लिहून घ्यावीत आणि समोरून, तिरक्या बाजूने व पूर्ण बाजूने छायाचित्रे काढवून घेऊन ती त्याच्याबरोबर बसून पाहावीत. फरक मोठा असेल तर दोन बाजूंना वेगवेगळ्या सीसीची इम्प्लांट्स वापरता येतात. दोन स्तनांमधली मोकळी जागाही बरीचशी हाडाच्या आणि स्नायूच्या रचनेने ठरलेली असते. ती बुजवण्यासाठी रुंद इम्प्लांट मागू नये.

स्तनपान चालू असेल तर ते थांबवून काही महिने जाऊ द्यावेत, म्हणजे स्तनाचा आकार स्थिरावतो आणि मोजमाप विश्वासार्ह ठरते. वजन कमी करायचे ठरवले असेल तर ते आधी करावे आणि मग मोजायला जावे. हार्मोन उपचार घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांनाही हेच लागू आहे. हार्मोनमुळे होणारी वाढ पुरी होईपर्यंत थांबलेले चांगले, आणि छातीची चौकट रुंद असल्यामुळे त्यांच्या बाबतीत तळाच्या रुंदीचा विचार अधिक काळजीने करावा लागतो.

घरी करायची तांदळाची चाचणी

हद्द कळली की त्या हद्दीत आपल्याला काय आवडते, हे पाहायला घरचा एक सोपा उपाय आहे. न शिजवलेले तांदूळ मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मापाने मोजून पातळ नायलॉनच्या मोज्यात भरावेत, हवा काढून गाठ मारावी आणि ती पुरचुंडी थोडी चपटी करून अस्तर नसलेल्या, एक माप मोठ्या ब्रामध्ये स्तनावर नीट बसवावी. स्वयंपाकघरातली वाटी यासाठी वापरू नये, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. आपली हद्द २२० ते २७५ असेल तर २२०, २५० आणि २७५ अशा तीन जोड्या कराव्यात आणि एकेक जोडी निदान एक पूर्ण दिवस वापरावी. जिना चढावा, ओट्याशी उभे राहून काम करावे, गाडी चालवावी, कुशीवर झोपून पाहावे. आरशासमोर पाच मिनिटे उभे राहून जे आवडते ते संध्याकाळपर्यंत आवडेलच असे नाही.

कपड्यांची निवड करताना आपण खरोखर काय घालतो ते पाहावे. रोज कुर्ता घालणाऱ्या स्त्रीने घट्ट टी-शर्ट घालून ठरवू नये, आणि जिला नोकरीच्या ठिकाणी साडी नेसावी लागते तिने ब्लाउजचा विचार जरूर करावा; जुन्या ब्लाउजच्या शिवणीत सोडायला कापड किती आहे हेदेखील त्या दिवशी कळते. आपल्याकडे ब्लाउज अंगाबरोबर बेतून शिवलेला असल्यामुळे छातीतला दोन इंचांचा फरकही लगेच जाणवतो, आणि एका अर्थाने ही चाचणी आरशापेक्षा प्रामाणिक आहे.

या चाचणीच्या दोन मर्यादा आहेत. तांदळाची पुरचुंडी स्तनाच्या वर बसते, तर इम्प्लांट स्तनाच्या किंवा स्नायूच्या खाली बसते आणि त्यावर ऊतींचा दाब येतो. त्यामुळे तेवढ्याच सीसीचे इम्प्लांट शरीरात थोडे लहान दिसते. सर्जन हे लक्षात घेऊन आकडा थोडा वर सरकवतात, पण ते काम त्यांच्यावर सोडावे. दुसरी मर्यादा वजनाची. तेवढ्याच मापाचे तांदूळ जेलपेक्षा हलके भरतात, म्हणून वजनाचा खरा अनुभव घ्यायचा असेल तर दुहेरी पिशवीत २५० किंवा ३०० मिलिलिटर पाणी भरून घट्ट बांधून पाहावे.

साइझर आणि संगणकावरचे चित्र

बऱ्याच दवाखान्यांत ब्रामध्ये घालून पाहायचे साइझर असतात. ते इम्प्लांटच्या आकाराचे असल्यामुळे प्रोफाइलमधला फरक तांदळापेक्षा चांगला दाखवतात. साइझर वापरताना आपल्या तळाच्या रुंदीला जुळणारेच मागावेत, नाहीतर बसलेले माप आणि दिसलेले माप यांचा मेळ लागत नाही. अंगावर फिक्या रंगाचा, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट असावा, आणि शक्य असल्यास बरोबर एक अशी व्यक्ती असावी जी खुश करण्यासाठी बोलत नाही.

व्हेक्ट्रा किंवा क्रिसालिक्स यांसारख्या त्रिमितीय प्रणालींमध्ये छातीचे छायाचित्र घेऊन त्यावर वेगवेगळ्या मापांची इम्प्लांट्स बसवून दाखवतात. दोन्ही बाजूंचा मूळ फरक त्यात चटकन दिसतो, हा तिचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग. मात्र त्वचा किती ताणेल, व्रण कसा भरेल आणि सहा महिन्यांनी इम्प्लांट किती खाली बसेल हे संगणकाला नेमके माहीत नसते. पडद्यावर दिसले तो करार नव्हे.

आवडलेली छायाचित्रे बरोबर न्यायची असतील तर आपल्यासारखी उंची, बांधा आणि मूळ आकार असलेल्या स्त्रियांची शस्त्रक्रियेआधीची व नंतरची अशी दोन्ही न्यावीत. न आवडलेलीही दोन-तीन न्यावीत. ‘एवढे मोठे नको’ हे शब्दांत सांगण्यापेक्षा चित्राने लवकर कळते.

माप वाढवले की काय वाढते

हद्दीबाहेर जाऊन मोठे इम्प्लांट घातले तर पहिले वर्ष बहुधा चांगलेच जाते, आणि म्हणूनच हा धोका आधी गंभीर वाटत नाही. काळाबरोबर वजनाने त्वचा ताणली जाते, वरचा मूळ स्तन दाबला जाऊन पातळ होतो, आणि इम्प्लांटची कड किंवा तिच्यावरच्या सुरकुत्या हाताला लागू लागतात व वाकल्यावर दिसतात. खालच्या भागातली त्वचा सैल होऊन इम्प्लांट घडीच्या खाली सरकू शकते. तेव्हा स्तनाग्र वर तोंड करते आणि व्रण घडीतून वर येतो. तळ फार रुंद असेल तर मध्ये दोन्ही कप्पे जवळ येऊन स्तन एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, आणि ही दुरुस्ती फार अवघड असते. स्तनाग्राची संवेदना कमी होण्याची शक्यता मापाबरोबर वाढते. इम्प्लांट काढून टाकले तरी ताणलेली त्वचा आणि पातळ झालेला स्तन पूर्ववत होत नाहीत. यातले काहीही सीसीच्या आकड्यावर लिहिलेले नसते, म्हणून ते बोलून घ्यावे लागते.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी ‘थोडे अजून मोठे घेतले असते तर’ असे पुष्कळ जणींना वाटते, कारण डोळ्यांना नव्या आकाराची सवय होते. मापाबद्दलची असमाधानाची भावना हे पुन्हा शस्त्रक्रिया होण्याचे एक नेहमीचे कारण आहे. यावर उपाय म्हणून आधीच सरसकट आकडा वाढवणे मला योग्य वाटत नाही. आपल्या हद्दीच्या वरच्या टोकाशी जायचे की मध्यावर थांबायचे, हे तांदळाच्या चाचणीत शांतपणे ठरवावे आणि मग त्यावर राहावे. २५ सीसी म्हणजे चहाचे पाच चमचे. दोन लगतच्या मापांतला एवढा फरक कपड्यांवरून कुणाला दिसत नाही. त्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

इम्प्लांट कायमचे टिकत नाही, हेही मापाशी निगडित आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, इम्प्लांट आयुष्यभर पुरणारे साधन नाही असे स्पष्ट केले आहे. बदलण्याची वेळ येईल तेव्हा शरीर दहा-पंधरा वर्षांनी मोठे झालेले असेल, कदाचित एखादे बाळंतपण झालेले असेल, आणि त्या वेळी उरलेल्या ऊतीवरच दुसरे काम करावे लागेल. आज ऊतींवर जेवढा भार कमी, तेवढे पुढच्या सर्जनचे काम सोपे.

मापाला जोडून येणारे निर्णय

इम्प्लांट स्नायूवर की स्नायूखाली, हे चिमटीच्या मापावरून ठरते हे वर आलेच आहे. स्तनाखालच्या घडीतून छेद घेतला तर आधीच भरून आलेले सिलिकॉन इम्प्लांट घालायला साधारण ४ ते ५ सेंटीमीटरचा व्रण लागतो, आणि माप मोठे तर तो लांब होतो. पुढे बाळाला अंगावर पाजायचे असेल तर स्तनमंडलाच्या कडेच्या छेदापेक्षा घडीतला छेद अधिक सुरक्षित मानतात, कारण त्यात दुधाच्या नलिकांना हात लागत नाही. पृष्ठभागाबद्दल एक गोष्ट माहीत असावी: खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांट्सचा संबंध लसिका पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी आढळल्यामुळे जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीने आपली बायोसेल प्रकारची इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली. त्यानंतर गुळगुळीत किंवा अतिसूक्ष्म खडबडीत पृष्ठभागाकडे कल वाढला आहे. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरले तर स्तनाचा आकार बिघडतो, गोल फिरले तरी दिसत नाही, हाही विचार त्यात येतो.

शस्त्रक्रियेआधी वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून तिचे अहवाल जपून ठेवावेत. पुढे मॅमोग्राफी करताना तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचे आधी सांगावे. इम्प्लांट मागे सारून घ्यायची खास चित्रे १९८८ पासून वापरात आहेत. सिगारेट तर बंद हवीच, पण मिश्री, तंबाखू, गुटखा यांतले निकोटीनदेखील रक्तवाहिन्या आकुंचित करून जखम भरायला अडथळा आणते. घरात मिश्री लावायची सवय असलेल्या स्त्रिया अनेकदा ही गोष्ट डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण त्यांना ते व्यसन वाटत नाही. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर ती पूर्ण बंद ठेवावी.

कुणाकडे जावे आणि काय लिहून घ्यावे

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेत, म्हणजे महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे किंवा गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिलकडे, नोंदणी आहे का हे पाहणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि ते विचारण्यात संकोच नसावा. भूलतज्ज्ञ कोण असतील आणि रात्री काही झाले तर कुठे यायचे, हेही त्याच वेळी विचारावे. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा मिळत नाही आणि तिच्यावर जीएसटी लागतो, त्यामुळे खर्चाचा पूर्ण अंदाज लेखी घ्यावा आणि माप बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर तो खर्च कोणाचा, हे त्यात आलेच पाहिजे.

दोन भेटींशिवाय आकडा पक्का करू नये. पहिल्या भेटीत मोजमाप घ्यावे, मग घरी जाऊन चाचणी करावी, आणि दुसऱ्या भेटीत ठरवावे. निदान एका भेटीत सर्जनशी एकटीने बोलावे. नवरा, सासर किंवा मैत्रिणी यांच्यासमोर स्त्री ‘थोडे मोठेच हवे’ म्हणते आणि एकांतात ‘कुणाच्या लक्षात येऊ नये एवढेच हवे’ म्हणते, असे घडते. सर्जनने ऐकायचे ते दुसरे वाक्य. एफडीएने मानलेली किमान वयेही लक्षात असावीत: सौंदर्यासाठी सलाइन (मिठाच्या पाण्याने भरलेल्या) इम्प्लांटला १८ वर्षे आणि सिलिकॉनला २२ वर्षे.

संमतीपत्रात एकच आकडा न लिहिता हद्द लिहावी, उदाहरणार्थ ‘२५० सीसी, गरज पडल्यास २२० ते २७५, त्याहून अधिक कोणत्याही परिस्थितीत नाही’. भूल दिल्यानंतर सर्जन तात्पुरते साइझर आत घालून, टेबलाची पाठ उचलून रुग्णाला बसल्यासारखे करून पाहतात, आणि त्या क्षणी थोडे वरखाली करण्याची मोकळीक त्यांना हवी असते. ती मोकळीक द्यावी, पण तिची वरची कड तुम्ही ठरवलेली असावी. डावी-उजवी बाजू, कंपनीचे नाव, प्रोफाइल आणि तळाची रुंदीही लिहिलेली असावी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देण्याआधी सर्जन तुम्हाला उभे करून छातीवर खुणा करतात. त्या वेळी दोन्ही बाजूंचे आकडे तोंडाने एकदा म्हणवून घ्या. नंतर इम्प्लांटबरोबर येणारे कार्ड मागून घ्या. त्यावर लॉट क्रमांक, अनुक्रमांक आणि माप असते, आणि पुढे कोणतीही तक्रार, परत मागवणी किंवा बदल करायचा झाला तर तेच कामाला येते. सिलिकॉन इम्प्लांट आत फाटले तर बाहेरून कळत नाही, म्हणून एफडीए पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करायला सांगते. पहिल्या तपासणीचे वर्ष त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवावे.

सुरुवातीचे काही आठवडे सूज असते, इम्प्लांट वर चढल्यासारखे आणि कडक वाटते, आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने खाली येत नाहीत. मापाबद्दल मत तीन महिन्यांपूर्वी बनवू नये. आकार स्थिरावायला सहा महिनेही लागू शकतात. तोपर्यंत सर्जनने सांगितलेली आधार देणारी ब्रा वापरावी. नव्या ब्रा घेणे आणि ब्लाउज शिवायला टाकणे तीन महिन्यांनंतर करावे, आणि शिवताना शिवणीत दोन्हीकडे थोडे कापड राखून ठेवायला सांगावे.